फोटो स्क्रीनवर फुटतोय: इनडिझाइन घ्यावं की स्क्रायबस?

स्मरणिकेची किंवा दिवाळी अंकाची पानं लावताना फोटो फुटलेला, म्हणजे ठिपकेदार आणि अस्पष्ट, दिसला की पहिला संशय फोटोवर जातो. बहुतेक वेळा फोटोत काहीच खोट नसते. पानं झरझर सरकावीत म्हणून सॉफ्टवेअर मूळ फाइलऐवजी तिची हलकी प्रत दाखवतं. पीडीएफ करताना मात्र मूळ फाइलच घेतं. पानं लावण्याच्या इनडिझाइन (भाड्यानं मिळणारं) आणि स्क्रायबस (फुकट) या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये हे असंच चालतं. फरक आहे तो दुरुस्तीच्या सोयीत.

संगणकात चालणारं ग्राफिक्स कार्ड नसेल तर इनडिझाइनमध्ये सुरुवातीला ‘टिपिकल डिस्प्ले’ असतो, म्हणजे फोटोंची हलकी प्रत दिसते. कंट्रोल-ऑल्ट-एच दाबलं की अख्खं डॉक्युमेंट ‘हाय क्वालिटी’त दिसतं. जड अंकात मी तसं करत नाही, कारण पान उलटायलाच वेळ लागू लागतो. नेमका तो फोटो निवडायचा आणि ऑब्जेक्ट मेनूतल्या ‘डिस्प्ले परफॉर्मन्स’मधून तेवढाच स्पष्ट करायचा. ही निवड फाइल पुन्हा उघडल्यावरही टिकावी म्हणून प्रेफरन्सेसमध्ये ‘प्रिझर्व्ह ऑब्जेक्ट-लेव्हल डिस्प्ले सेटिंग्ज’वर खूण हवी.

स्क्रायबसमध्ये फोटोवर राइट-क्लिक करून ‘प्रिव्ह्यू सेटिंग्ज’मध्ये ‘फुल रिझोल्युशन’ निवडलं की झालं. आठ-बारा पानांच्या कामाला एवढं पुरतं. मात्र शंभर पानांवर सगळे फोटो फुल ठेवले तर मेमरी भरते, आणि सगळा अंक एकदम हलका-भारी करणारी इनडिझाइनसारखी झटपट कळ इथे नाही.

खरी परीक्षा पीपीआयची, म्हणजे छापील एका इंचात फोटोचे किती पिक्सेल बसतात त्याची. १६०० पिक्सेल रुंदीचा फोटो ५ इंचांत बसवला तर ३२० पीपीआय मिळतात, आर्टपेपरवरच्या ऑफसेट छपाईला उत्तम. तोच ८ इंचांवर ताणला की २०० उरतात. न्यूजप्रिंटला ते चालतील, मुखपृष्ठाला नाही. हा आकडा इनडिझाइनच्या लिंक्स पॅनेलमध्ये ‘इफेक्टिव्ह पीपीआय’ म्हणून दिसतो आणि स्क्रायबसमध्ये राइट-क्लिकच्या ‘इन्फो’त ‘अ‍ॅक्च्युअल पीपीआय’ म्हणून. इथे जपा: इनडिझाइनमधला ‘अ‍ॅक्च्युअल’ हा फोटो ताणण्याआधीचा आकडा असतो. दोन्ही सॉफ्टवेअरवर काम करणारा माणूस नेमका इथे फसतो. कमी रिझोल्युशनचा फोटो स्क्रायबसचा प्रीफ्लाइट (छपाईआधीची चुकांची तपासणी) आपण होऊन दाखवतो. इनडिझाइनच्या मूळ ‘बेसिक’ प्रोफाइलमध्ये, म्हणजे काय काय तपासायचं त्या यादीत, ती तपासणी नसते, स्वतःचं प्रोफाइल करावं लागतं. एकदाच करायचं काम आहे, पण करायलाच हवं.

लिंक, म्हणजे पानावरच्या फोटोचा मूळ फाइलशी असलेला दुवा, तुटल्यावर काय होतं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. फोटोचा फोल्डर हलला की स्क्रायबसची चौकट रिकामी दिसते. चूक झाकली जात नाही. इनडिझाइन मात्र ती हलकी प्रत दाखवतच राहतं. ‘हाय क्वालिटी’ करूनही फोटो फुटलेलाच राहिला तर आधी लिंक्स पॅनेलमधलं लाल प्रश्नचिन्ह शोधा. तसाच पुढे गेलात तर हा एक फोटो कागदावरही फुटतो.

मराठी मजकुरासाठी स्क्रायबसची १.६ मालिकाच घ्या. जुन्या १.४ मध्ये युनिकोड जोडाक्षरं मोडतात. इनडिझाइनमध्ये त्यासाठी ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ ही मजकूर मांडण्याची सेटिंग लावावी लागते.

माझा कौल असा: वर्षातून एखादी पुस्तिका किंवा अहवाल काढणाऱ्या मंडळानं इनडिझाइनचं भाडं भरू नये, स्क्रायबस फुकट आहे आणि एवढ्या कामाला पुरेसं आहे. फोटोंनी भरलेले जाड अंक ज्यांच्याकडे सतत येतात त्यांनी इनडिझाइनच घ्यावं. एकेक फोटो हवा तेवढा स्पष्ट करण्याची सोय तिथे रोज वेळ वाचवते. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येत असतील तर दोन्हींसाठी नियम एकच: पाठवणाऱ्याला ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. नेहमीच्या पद्धतीनं आलेला फोटो वाटेतच लहान झालेला असतो, आणि तो कुठल्याही डिस्प्ले सेटिंगनं सुधारत नाही.