जिभेवर विरघळणारी उलटीची पट्टी: आईच्या केमोतला आमचा अनुभव

गेल्या हिवाळ्यात आईची केमो सुरू झाली. दर एकवीस दिवसांनी काटोलहून नागपूर, आणि पहिल्या चार वेळा ते लाल सलाइन, म्हणजे केमोचं लाल रंगाचं औषध. उलटी थांबवायला डॉक्टरांनी ओंडान्सेट्रॉनची ८ मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली होती. औषध योग्यच होतं, पण गोळी गिळायला पाणी लागतं आणि आईला पाण्याचा घोटच सोसत नव्हता. पहिल्या खेपेला परतताना कळमेश्वरच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली, गोळी दिली, वर अर्धा पेला पाणी. दोन मिनिटांत सगळं रस्त्याच्या कडेला. गोळी अख्खी पडलेली दिसत होती. दुसरी द्यावी की नाही, तेही मला कळेना.

दुसऱ्या केमोच्या आधी हे सांगितलं, तेव्हा डॉक्टरांनी त्याच औषधाची जिभेवर विरघळणारी पट्टी लिहून दिली. तिला ओरल फिल्म म्हणतात, कुणी ओरल स्ट्रिपही म्हणतं. पण दुकानात ‘स्ट्रिप’ म्हणू नका. मी म्हटलं आणि मेडिकलवाल्याने दहा गोळ्यांचं पान काढून पुढे ठेवलं. तोंडात विरघळणारी गोळी मिळते ती आणखी वेगळी. चिठ्ठी दाखवून ‘कागदासारखी पातळ फिल्म’ असं सांगितल्यावर उलगडा झाला. गावात नव्हतीच, नागपूरहून आणावी लागली.

एकेक पट्टी चांदीच्या वर्खासारख्या चकचकीत पाकिटात बंद असते. आकाराने टपालाच्या तिकिटाएवढी, आणि इतकी पातळ की उजेडात धरली तर पलीकडचं बोट दिसतं. पहिल्या दिवशी मी भांडी घासता घासता ओल्या हातांनीच पाकीट उघडलं. पट्टी बोटाला चिकटली ती चिकटलीच, कडा विरघळून बुळबुळीत झाल्या, वाया गेली. तेव्हापासून आधी हात कोरडे करायचे हा नियमच केला. आईचं तोंड मात्र ओलं हवं. केमोत तिला कोरड पडायची, आणि कोरड्या जिभेवर ठेवलेली पट्टी टाळूला जाऊन चिकटायची. आधी चमचाभर पाण्याने तोंड ओलावलं की काही सेकंदांत विरघळते. चघळायची नाही, लाळेबरोबर आपसूक पोटात जाऊ द्यायची. पुदिन्याची चव आहे, मागून थोडा कडवटपणा येतो. तोंड आलेलं होतं त्या आठवड्यात पुदिना झोंबला, हेही सांगायला हवं.

दुकानातला पोरगा म्हणाला, ‘हे थेट रक्तात जातं.’ डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी नीट समजावलं. काही औषधं जिभेखालून शोषली जातात, पण ही पट्टी विरघळून लाळेबरोबर गिळली जाते आणि पुढे गोळीसारखीच पोटातून शोषली जाते. ताकद तेवढीच, लागू पडायला वेळही साधारण तेवढाच. म्हणून आम्ही सलाइन लावण्याआधी अर्धा तास द्यायचो. विरघळल्यावर लगेच उलटी झाली तर हीसुद्धा वाया जाऊ शकते. गोळीने होणारी बद्धकोष्ठता हिनेही झाली. हृदयाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगायचं, तेही गोळीइतकंच लागू. पट्टीने वाचवला तो पाण्याचा पेला. आमच्या घरात त्या पेल्याचीच भीती होती. तिसऱ्या खेपेला आई स्वतःच म्हणाली, “थे जिभेवरची दे वं, गोळी नको.” कित्येक दिवसांनी तिने काही मागितलं होतं.

ज्या कळमेश्वरापाशी आम्ही त्या दिवशी थांबलो होतो, तिथेच झिम लॅबोरेटरीज या औषध कंपनीचा कारखाना आहे आणि अशा पट्ट्या बनवण्यात त्यांचं नाव आहे, हे मला पुढे कळलं. पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थाच्या दाट द्रावणात औषध मिसळायचं, त्याचा पातळ थर पसरायचा, वाळवायचा, तुकडे कापायचे आणि प्रत्येक तुकडा वेगळा सीलबंद करायचा. दमट हवेत पट्टी टिकत नाही, म्हणून हा खटाटोप. पाकिटातून काढून गोळ्यांच्या डबीत भरून ठेवू नका.

सगळी औषधं अशी का येत नाहीत, असं आईने विचारलं होतं. जागाच नाही. एवढ्याशा पट्टीत थोडंच औषध मावतं. पॅरासिटॅमॉलचे ५०० मिलिग्रॅम कसे मावणार? उलट बाबांचं आठवड्याचं ड जीवनसत्त्व, ६०,००० युनिट, म्हणजे फक्त दीड मिलिग्रॅम. ते आरामात बसतं. बाबांना ती पट्टी मिळाली आणि इथेच मी घाबरले. गोड लागते, गिळायचा त्रास नाही, म्हणून त्यांनी ती लागोपाठ दोन दिवस घेतली. मुखवासासारखीच वाटते ना! डॉक्टरांना फोन केला, त्यांनी पुढचे दोन आठवडे बंद ठेवायला सांगितलं. आता त्या पाकिटांवर मी मार्करने ‘रविवार’ लिहून ठेवते आणि आईची पाकिटं वेगळ्या डब्यात ठेवते. घरात लहान मूल असेल तर डबा उंचावरच हवा.

पट्टी गोळीपेक्षा महाग पडते. ज्याला गोळी गिळता येते त्याने तो खर्च करू नये, असं मला वाटतं. आम्हीही लाल सलाइनचा दिवस आणि पुढचे दोन दिवस एवढ्यापुरतीच वापरली, नंतर आई गोळीवर आली. पण ज्यांच्या घरात केमो चालू आहे आणि पाण्यानेच मळमळतं, त्यांनी डॉक्टरांना हिच्याबद्दल जरूर विचारावं.

बनवणाऱ्यांकडे माझी एक मागणी आहे. पाकीट फाडायची खाच खोल करा, केमोने बोटं बधिर झालेल्या माणसाला ती सापडत नाही. आई दातांनी फाडायला जायची. आणि औषधाचं नाव मराठीत, मोठ्या अक्षरात छापा. ते नाव वाचायला बाबांना भिंग लागतं आणि मला मोबाईलचा टॉर्च.