होमिओपॅथीचे पाच महिने : दीड तास ऐकून घेतलं, त्याचे मार्क वेगळे

हा रिव्ह्यू लिहू की नको यावर बरेच दिवस घोळ घातला, कारण होमिओपॅथीबद्दल काहीही लिहिलं की लगेच दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते आमच्या आत्याचा मुतखडा पडला, दुसरी म्हणते सगळी फसवाफसवी. मी पाच महिने ट्रीटमेंट घेतली, रोज डायरीत लिहून ठेवलं, त्यामुळे जे झालं ते सांगते. क्लिनिकचं नाव देणार नाही, कारण मुद्दा त्या एका डॉक्टरांचा नाहीच आहे.

माझा त्रास म्हणजे अंगावर पित्त उठणं. संध्याकाळ झाली की मांड्यांवर, पोटावर लालभडक गांध्या, खाजवून खाजवून जीव नकोसा, आणि सकाळी सगळं गायब, म्हणजे कुणाला दाखवायला जावं तर अंगावर काही नाहीच. सहा आठवड्यांच्या वर गेलं की त्याला क्रॉनिक म्हणतात, मला सहा महिने झाले होते. स्किनच्या डॉक्टरांनी चार मिनिटांत सेटिरिझिन (अॅलर्जीवरची गोळी) लिहून दिलं आणि पुढचा पेशंट आत घेतला. गोळी घेतली की बरं, सोडली की परत. मग कुणीतरी म्हणालं होमिओपॅथी मुळापासून घालवते, म्हणून गेले.

पहिली व्हिजिट खरंच भारी असते, हे आधी सांगते. दीड तास! त्याला केस टेकिंग म्हणतात. त्रास काय हे दहा मिनिटांत संपलं, बाकी सगळा वेळ मी कोण आहे यावर. कुठल्या कुशीवर झोपता, थंडी सोसत नाही की उकाडा, विजा कडाडल्या की भीती वाटते का, स्वप्नं कसली पडतात. मग विचारलं, "तुम्ही रडत असताना कुणी जवळ घेतलं तर बरं वाटतं की अजून राग येतो?" मी म्हटलं राग येतो. त्यांनी ते लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. मला त्या दोन रेघा बघूनच अर्धं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. इतक्या महिन्यांत माझं बोलणं कुणी लिहून घेतलं नव्हतं.

औषध म्हणजे त्याच त्या पांढऱ्या बारीक गोड गोळ्या. चार गोळ्या बाटलीच्या झाकणात घ्यायच्या, हात लावायचा नाही, जिभेवर टाकून चघळायच्या, आधी नंतर अर्धा तास तोंडात काही नाही. कॉफी बंद, कापूर आणि पुदिन्याच्या वासापासून लांब (आता टूथपेस्ट कुठली आणायची हे विचारलं तर ते हसले). बाटलीवर औषधाचं नाव नाही, नुसता नंबर. हे बऱ्याच ठिकाणी असंच असतं, आणि मला ते अजिबात पटत नाही. मी दुसऱ्या व्हिजिटला मागेच लागले तेव्हा कळलं, नेट्रम मूर 200. घरी येऊन शोधलं तर नेट्रम मूर म्हणजे मीठ! साधं मीठ. आणि रडताना समजूत काढली की चिडणारी माणसं ही त्या औषधाची ठरलेली खूण, म्हणून त्या दोन रेघा.

200 चा हिशोब पण सांगते कारण मला आधी वाटायचं 200 म्हणजे स्ट्राँग. उलटं आहे. एक भाग औषध, 99 भाग पाणी किंवा अल्कोहोल, हलवायचं, की झाली 1 पोटेन्सी. त्यातला एक भाग परत 99 मध्ये, असं 200 वेळा. साधारण 12 वेळा झालं की मूळ पदार्थाचा एक रेणू तरी उरला असेल याची खात्री देता येत नाही, 200 तर फारच पुढची गोष्ट. माझ्या बाबतीत गंमत म्हणजे कितीही शुद्ध पाणी घ्या, त्यात मिठाचा अंश त्याहून जास्त असणार. खाजवून फुटलेल्या घामातसुद्धा असणार. एकदा वैतागून अख्खी बाटली एका दमात खाल्ली, तोंड गोड झालं, बाकी काही नाही. (हे तुम्ही करू नका, कारण सगळीच औषधं इतकी पातळ नसतात. मदर टिंक्चर (पातळ न केलेला मूळ अर्क) आणि खालच्या पोटेन्सीत खरोखरचा पदार्थ असतो. 2017 मध्ये अमेरिकेच्या एफडीएला (तिथली औषधांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था) लहान मुलांच्या दात येण्याच्या होमिओपॅथिक गोळ्यांत बेलाडोना, म्हणजे विषारी वनस्पती, वाटेल तशा कमी जास्त प्रमाणात सापडली होती.)

आता फरक पडला का? पडला! पहिल्या तीन आठवड्यांत गांध्या निम्म्यावर आल्या, मी सगळ्यांना सांगत सुटले. पण डायरी उलटी चाळली तर कळलं की या आजाराची हीच रीत आहे, तीन आठवडे बरे, दोन वाईट, आणि माणूस डॉक्टरकडे नेमका वाईट आठवड्यात जातो, मग पुढे जे बरं वाटतं त्याचं श्रेय त्या बाटलीला. बऱ्याच जणांचं पित्त वर्ष दोन वर्षांत आपोआप जातंही. शिवाय तेव्हा माझी सेटिरिझिन चालूच होती हे मी सोयीस्कर विसरले होते.

फॉलोअपची पण कल्पना असू द्या. पहिल्यांदा दीड तास, नंतर दर पंधरा दिवसांनी पाच मिनिटं आणि नवी बाटली. कमी झालं तर औषध लागू पडलं, वाढलं तर आजार बाहेर पडतोय, तसंच राहिलं तर पोटेन्सी बदलू. मी एकदा विचारलं की काय झालं तर आपण म्हणायचं की हे औषध चुकलं? त्याचं उत्तर अजून आलं नाही.

आणि मग तिसऱ्या महिन्यात त्यांनी सांगितलं सेटिरिझिन बंद करा, त्याने आमचं औषध काम करत नाही. मी केली. नवव्या दिवशी रात्री दोनला जाग आली ती ओठ जड झाल्यामुळे, आरशात बघते तर वरचा ओठ नाकाला टेकेल इतका सुजलेला. घाबरून फोन केला, त्यांनी उचलला (याचे मार्क देते), आणि म्हणाले, "छान, अॅग्रव्हेशन आहे, औषध पोचलंय, चार गोळ्या घ्या आणि झोपा." (अॅग्रव्हेशन म्हणजे औषध लागू पडताना त्रास आधी वाढतो, असं त्यांचं म्हणणं.) सुदैवाने घरच्यांनी ऐकलं नाही, सरळ इमर्जन्सीत नेलं, इंजेक्शन दिलं, सकाळपर्यंत सूज उतरली. तिथल्या डॉक्टर म्हणाल्या ओठ, जीभ सुजली, घसा आवळल्यासारखा वाटला, श्वास अडकला की कुणालाही फोन करत बसायचं नाही, निघायचं.

एवढं झाल्यावरही मी दोन महिने जात राहिले, सेटिरिझिन गुपचूप परत सुरू करून. का गेले माहितीये? तिथे बसलं की बरं वाटायचं. हॅनिमन साहेबांनी 1796 च्या सुमारास होमिओपॅथी सुरू केली तेव्हा बाकीचे डॉक्टर रक्त काढायचे, पारा पाजायचे, त्यापुढे पाणी देणारा आणि तासभर ऐकणारा माणूस कुणाला आवडणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी आरोग्य संशोधन मंडळाने 2015 मध्ये शेकडो अभ्यास चाळून सांगितलं की एकाही आजारावर ही औषधं उपयोगी असल्याचा भरवशाचा पुरावा नाही, ते वाचून मला आश्चर्य नाही वाटलं, फक्त थोडं वाईट वाटलं.

तर जाणार असाल तर जा, पण चालू गोळी बंद करायला सांगितली तर ज्यांनी ती दिली त्यांना आधी विचारा, बाटलीवर नाव लिहून मागा, आणि डायग्नोसिस आधी करून घ्या, गाठ, रक्त पडणं, वजन उतरणं, मुलांचा ताप, असल्या गोष्टींवर महिनोन् महिने गोड गोळ्या चघळत बसू नका. लसीऐवजी गोळ्या तर कधीच नाही.

मी आता परत स्किनवाल्या डॉक्टरांकडे आहे. त्यांनी सेटिरिझिनचा डोस दुप्पट केला, म्हणाल्या लागलं तर त्यांच्या देखरेखीखाली चौपटपर्यंत नेता येतो, आणि गांध्या जवळजवळ थांबल्यात. फक्त रात्री झोप लागते का हे त्यांनी अजून एकदाही विचारलेलं नाही. पुढच्या वेळी खुर्चीत बसल्या बसल्या मीच सांगणार आहे, चार मिनिटांत बसलं तर.