रायझन ७ ५७००एक्स३डी: नागपूरच्या उन्हाळ्यात वापरून झाल्यावरचा अनुभव

एएमडीचा हा गेमिंग प्रोसेसर थंडीत घेतला होता, पण म्हटलं एक उन्हाळा जाऊ दे मग लिहीन, कारण नागपुरात मे महिना काढल्याशिवाय कुठल्याही प्रोसेसरबद्दल बोलण्यात अर्थ नाही. आता नवतपा होऊन पाऊसही लागलाय, तर सविस्तर लिहिते.

आधी रायझन ५ ३६०० होता, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ ३२०० रॅम, आरटीएक्स ३०६० टीआय ग्राफिक्स कार्ड आणि १०८०पी १४४ हर्ट्झचा मॉनिटर. ३६०० वाईट प्रोसेसर अजिबात नाही, २०१९ चा आहे आणि अजून चालतो, पण सीएस२ (काउंटर-स्ट्राइक २) मध्ये मला झटके यायला लागले होते. अ‍ॅव्हरेज एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) बघितला तर मस्त दिसायचा, आणि इन्फर्नो मॅपच्या बनाना नावाच्या गल्लीत स्मोक, मॉली (आगीचा बॉम्ब) आणि तीन-चार जण एकदम आले की नेमक्या त्या क्षणी स्क्रीन अडखळायची. ग्राफिक्स कार्डचा वापर बघितला तर ५०-६० टक्के, म्हणजे कार्ड रिकामं बसलंय आणि प्रोसेसर पुरा पडत नाहीये.

एएम५ वर, म्हणजे एएमडीच्या नव्या सॉकेटवर जायचं तर प्रोसेसर, बोर्ड, डीडीआर५ रॅम तिन्ही नवीन, आणि माझा बोर्ड चांगला चालू असताना तो काढून टाकायला मन होईना. माझ्या बोर्डाच्या एएम४ सॉकेटची हीच गोष्ट मला फार आवडते, २०१७ मध्ये पहिले रायझन आले त्याच सॉकेटसाठी जानेवारी २०२४ मध्ये ५७००एक्स३डी आला.

आता हा चालतो कसा ते थोडं सांगते, म्हणजे पैसे कशाचे द्यायचे ते कळेल. गीगाहर्ट्झ बघाल तर फक्त ४.१ बूस्ट, माझा जुना ३६०० सुद्धा ४.२ चा होता! फरक सगळा एल३ कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या पण वेगवान मेमरीत आहे. ३६०० मध्ये ३२ एमबी होती पण ती १६-१६ अशी दोन भागांत वाटलेली, इथे आठही कोअर्सना मिळून ९६ एमबी, त्यातली ६४ एमबी वेगळी चिप म्हणून मूळ चिपच्या डोक्यावर बसवलेली आहे. गेमला दर फ्रेमला खेळाडू, गोळ्या, फिजिक्स असला सगळा डेटा लागतो आणि तो कॅशमध्ये नसला की रॅमपर्यंत जावं लागतं, कॅशमधून १०-१२ नॅनोसेकंदात मिळणारी गोष्ट रॅममधून आणायला ७०-८० लागतात. हे दर फ्रेमला हजारो वेळा होतं आणि तेच साठून झटका बनतो.

बसवताना दोन-तीन गोष्टी सांभाळा. जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा, नंतर नवा लावा. आणि अपडेट करण्याआधी त्या बायोसखालची टीप नीट वाचा, काही जुन्या बोर्डांवर बायोस चिप १६ एमबीचीच आहे आणि त्यात सगळ्या पिढ्या मावत नाहीत, त्यामुळे नव्या बायोसमध्ये अगदी जुन्या प्रोसेसरचा सपोर्ट काढलेला असतो. कूलर काढण्याआधी दहा मिनिटं एखादा गेम चालवा म्हणजे कूलरखालची थर्मल पेस्ट मऊ होते, मग पीसी बंद करून, प्लग काढून, कूलर हलकेच डावीकडे-उजवीकडे फिरवून उचला. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, सरळ वर ओढला तर लॉक लागलेला असूनसुद्धा प्रोसेसर कूलरला चिकटून बाहेर येतो आणि पिना वाकतात. पहिल्यांदा चालू केल्यावर एफटीपीएम (प्रोसेसरमधली सुरक्षा-किल्ल्या ठेवायची जागा) रीसेट करायचं का असं काळ्या स्क्रीनवर विचारतो, बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की आधीच लिहून ठेवा, नाहीतर विंडोजच्या दारात अडकाल. आणि बायोस अपडेटनंतर एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवायचं सेटिंग, बंद झालेलं असतं, ते पुन्हा चालू करा. माझी रॅम २४०० वर आली होती, ती परत ३२०० वर टाकली.

बॉक्समध्ये कूलर येत नाही हे बजेटमध्ये धरा. मी चार हीटपाइपचा साधा सिंगल टॉवर घेतला, तो पुरतो.

रिझल्ट. सीएस२, १०८०पी लो सेटिंग: अ‍ॅव्हरेज साधारण २१० वरून ३१० च्या आसपास गेला, पण मला बोलायचंय ते १ टक्का लोबद्दल, म्हणजे सगळ्यात हळू १ टक्का फ्रेम्सच्या एफपीएसबद्दल, तो ८८ वरून १४० च्या वर आलाय. ८८ म्हणजे त्या फ्रेमला ११ मिलिसेकंदांच्या वर लागतायत, आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर दर ७ मिलिसेकंदाला फ्रेम मागतो. आता ती फ्रेम जवळजवळ वेळेवर येते. बनानात तोच स्मोक, तीच गर्दी, आणि क्रॉसहेअर जिथे नेते तिथेच जातो, हे खेळताना हाताला कळतं. सायबरपंकमध्ये रे ट्रेसिंग लावून गर्दीच्या बाजारात गाडी घातली की आधी ४५ पर्यंत पडायचा, आता ६५ च्या खाली क्वचित जातो. पण तोच गेम मी दादाच्या १४४०पी मॉनिटरवर अल्ट्राला लावून बघितला, तर अ‍ॅव्हरेज आहे तिथेच, कारण तिथे कार्डच १०० टक्के भरलेलं असतं. ज्यांचं कार्ड आधीच पूर्ण भरतंय त्यांनी हा घेऊ नका, कार्ड बदला.

आता ट्यूनिंग, आणि माझ्या मते इथे खरी मजा आहे. याचा मल्टिप्लायर लॉक आहे, नेहमीचं ओव्हरक्लॉकिंग होत नाही. करायचं ते उलट, व्होल्टेज कमी करायचं. कर्व्ह ऑप्टिमायझर या बायोस सेटिंगने प्रत्येक कोअरला मायनसमध्ये ३० पर्यंत आकडा देता येतो. बऱ्याच बी४५० बोर्डांवर एक्स३डी लावला की हा ऑप्शन दिसतच नाही, माझ्याकडेही नव्हता, म्हणून तेच काम विंडोजमधून करणारा पीबीओ२ ट्यूनर हा प्रोग्राम वापरते. ते सेटिंग रीस्टार्टला उडतं, त्यामुळे टास्क शेड्युलरमध्ये आठ कोअर्सचे आठ आकडे देऊन लॉगिनला आपोआप चालेल असं लावून ठेवलंय, आणि स्लीपमधून उठल्यावरसुद्धा चालेल असा दुसरा ट्रिगर टाकलाय.

टेस्ट करताना फक्त सिनेबेंच (सगळ्या कोअर्सवर लोड टाकणारी टेस्ट) चालला म्हणजे झालं असं समजू नका. पूर्ण लोडला मायनस ३० आरामात चालतं, गडबड होते ती हलक्या लोडला, एकच कोअर एकदम वर बूस्ट मारतो तेव्हा. म्हणून कोअरसायकलर हा टेस्ट प्रोग्राम रात्रभर लावायचं, ते एकेक कोअर वेगळा तपासतं. माझ्या चिपमध्ये सगळे कोअर्स मायनस ३० ला पास झाले, एकच कोअर अडला, त्याला मायनस २० वर आणलं आणि तेव्हापासून विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया (हार्डवेअर) एररची एकही नोंद नाही. अधूनमधून ते बघत चला, पीसी क्रॅश झाला नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं नसतं.

रॅमवर मात्र वेळ घालवू नका. जुन्या रायझन ३६०० वर असताना रॅम टायमिंगचा चांगला फरक पडायचा, इथे इतकी कॅश आहे की ३२०० वेगाची, सीएल१६ टायमिंगची रॅम बस झाली, वेगळी ३६०० वेगाची रॅम किट घ्यायची गरज नाही.

उन्हाळ्याचं सांगते. कॅशची चिप वर बसवल्यामुळे उष्णता बाहेर पडायला अडते, वॅट कमी खाऊनही तापमान जास्त दिसतं, आणि याची मर्यादा ९० अंशांची आहे. थंडीत गेममध्ये ६२-६५ असायचं. मे महिन्यात बाहेर ४४, खोलीत ३८, एसी हॉलमध्ये आणि पीसी आतल्या खोलीत. कर्व्ह ऑप्टिमायझर काढून मुद्दाम बघितलं तर गेममध्ये ८० च्या आसपास, आणि एखादा नवा गेम पहिल्यांदा शेडर कंपाइल (ग्राफिक्सची तयारी, जी सगळे कोअर्स वापरते) करत असेल तर थेट ९० ला टेकून क्लॉक खाली येतो. सेटिंग परत लावल्यावर तेच ७२-७४, कंपाइलला ८३-८४, आणि क्लॉक हलत नाही. विदर्भात राहणाऱ्यांनी म्हणूनच हे ट्यूनिंग हौस म्हणून नाही तर गरज म्हणून करा. अजून एक, खोलीत डेझर्ट कूलर असेल तर दमट हवेत धूळ कॅबिनेटच्या जाळीला चिकटून तिचा थर होतो, ती फुंकर मारून निघत नाही, जाळी काढून धुवावी लागते. मी उन्हाळाभर दर रविवारी धुतली, नाहीतर चार-पाच अंश तिथेच वाढतात.

ज्यांचं बजेट इतकं नाही आणि बोर्ड एएम४ आहे त्यांनी रायझन ५ ५६०० बघा, त्यात ३२ एमबी कॅश सहा कोअर्सना एकत्र मिळते, १६०० किंवा २६०० वरून येणाऱ्याला तोही खूप मोठा फरक वाटेल. ५७००एक्स३डी आता नवा शोधावा लागतो, सेकंड हँड घेत असाल तर पिनांचे चारही बाजूंनी फोटो मागवा आणि शक्य असेल तर समोर पीसीत लावून, कोअरसायकलर थोडा वेळ चालवून, मगच पैसे द्या.