जुन्या गाडीला क्रूझ कंट्रोल: गाडी तारेची की वायरची?

सोलापूरचा जुना पुणे नाका सोडला की पुण्यापर्यंत २५० किलोमीटर उजव्या पायाला दुसरं काम नसतं. सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस, हे टोलनाके आले की तेवढाच विसावा. महिन्याला तीन-तीन फेऱ्या व्हायला लागल्या तसा माझा गुडघा बोलायला लागला आणि मी क्रूझ कंट्रोलच्या, म्हणजे पेडल न दाबता ठरवलेला वेग धरून ठेवणाऱ्या यंत्राच्या, नादी लागलो. आधी एस्टीममध्ये बसवलं, ती विकल्यावर डिझेल स्विफ्टमध्ये. दोन्हीकडे काम झालं, पण एकाचा अनुभव दुसऱ्याला फारसा उपयोगी पडला नाही. म्हणून ज्यांच्या मनात हे घोळतंय, त्यांनी किटच्या किमती बघायच्या आधी बॉनेट उघडावं.

इंजिन बंद ठेवून कुणाला तरी आत बसवा आणि रेसचं पेडल दाबायला सांगा. थ्रॉटल बॉडीवर (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेवर) सायकलच्या ब्रेकसारखी तार ओढली गेली, तर गाडी तारेची. तार नाही आणि पेडलच्या वरच्या अंगालाच वायरचा कपलर आहे, तर गाडी वायरची. तिथे पेडल फक्त ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, व्होल्टेज कळवतं, थ्रॉटल किती उघडायचा किंवा डिझेल किती सोडायचं ते ईसीयू ठरवतो. जुनी झेन, एस्टीम, पहिली सँट्रो या तारेच्या. कॉमनरेल (इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या) डिझेल वायरच्या. पेट्रोलमध्ये एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांत फरक निघू शकतो, त्यामुळे शेजाऱ्याच्या गाडीवरून अंदाज बांधू नका.

तारेच्या गाडीत किट म्हणजे शब्दशः दुसरा पाय. एक डबा बॉनेटखाली बसतो, त्यातून निघालेली तार थ्रॉटलला जोडायची आणि तो डबा ती ओढतो. ओढायची ताकद दोन प्रकारची: इंजिनचा व्हॅक्युम किंवा विजेची मोटर. व्हॅक्युमचा प्रकार सरळ रस्त्यावर मऊ चालतो, पण चढाला थ्रॉटल जास्त उघडला की पेट्रोल इंजिनचा व्हॅक्युमच कमी होतो आणि गाडी ढिली पडते. तुळजापूरचा घाट चढताना हे लगेच कळतं. जुन्या इंडिका-सुमोसारख्या डिझेलला इनटेकमध्ये असा व्हॅक्युम मिळतच नाही, ब्रेकसाठी वेगळा पंप असतो. मला विचाराल तर मोटरवालाच घ्या. आपल्याकडे अशी किट दुकानात सहज दिसत नाहीत, बाहेरून मागवावी लागतात. तेव्हा बिघडल्यावर सुटा भाग कुठून आणायचा हेही आधीच विचारून ठेवा.

तार जोडताना थोडी ढील ठेवायची, नाहीतर क्रूझ बंद असतानाही आयडलिंग वर राहतं. ती गरम एक्झॉस्टजवळून न्यायची नाही आणि वळण मोठं ठेवायचं. मूळ रेस केबल आधीच जड चालत असेल, तर पहिल्यांदा ती बदला. अडकणाऱ्या केबलवर क्रूझ बसवणं म्हणजे संकटाला घरचा पत्ता देणं.

वेग कळायलाही सोय लागते. स्पीडोमीटर इलेक्ट्रॉनिक असेल तर सेन्सरच्या वायरीवरून सिग्नल घेता येतो. काटा केबलवर फिरणारा असेल तर चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टवर लोहचुंबक आणि शेजारी पिकअप कॉइल बसवावी लागते. पावसाळ्यात चिखल उडाला, दगड लागला की पहिली तीच हलते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ब्रेकची वायर. ब्रेक स्विचला दोन वायरी असतात. एकीत कायम १२ व्होल्ट, दुसरीत पेडल दाबल्यावरच वीज येते आणि ती मागच्या दिव्यांकडे जाते. किटला या दोन्ही लागतात. ब्रेक न दाबता दुसऱ्या वायरीला बल्बच्या फिलामेंटमधून अर्थ (अर्थिंग) मिळत असतो, आणि तो अर्थ दिसतोय म्हणजे ब्रेकचं सर्किट शाबूत आहे असं बरीच किट समजतात. मी हौसेने ब्रेकलाईटला एलईडी बल्ब घातले आणि दुसऱ्या दिवशी क्रूझ लागेचना. दोन दिवस वायरमन आणि मी फ्यूज, स्विच, सेन्सर सगळं तपासत बसलो. शेवटी साधे बल्ब परत घातले आणि एका मिनिटात चालू. एलईडीतून तसा अर्थ मिळत नाही. एलईडी ठेवायचेच असतील तर मध्ये एक रिले घालावा लागतो. त्या दोन दिवसांत माझा वैताग झाला खरा, पण किटचं वागणं बरोबर होतं: ब्रेकची खात्री नसेल तर चालूच व्हायचं नाही. ज्या किटला ब्रेकची वायरच लागत नाही, ते फुकट मिळालं तरी घेऊ नका.

क्लचचंही तसंच. क्रूझवर असताना क्लच दाबला तर भार गेल्यामुळे इंजिन किंचाळतं. पेट्रोलमध्ये इग्निशन कॉइलवरून आरपीएमची (इंजिनच्या फेऱ्यांची) वायर घेऊन ते थांबवता येतं. डिझेलला ती कॉइलच नाही, तिथे क्लचला स्विच हवाच.

वायरच्या गाडीत बॉनेटखाली काही बसत नाही. पेडलचा कपलर काढायचा, किटचा हार्नेस (कपलर लावलेला वायरींचा जुडगा) मध्ये घालायचा, आणि किट ईसीयूला सांगतं की पेडल इतकं दाबलंय. स्विफ्टचं मुख्य काम अर्ध्या दिवसात उरकलं. पण इथली खोड वेगळी. पेडलमधून एक नाही, दोन सिग्नल निघतात आणि ईसीयू त्यांची एकमेकांशी पडताळणी करतो. ताळमेळ चुकला की चेक इंजिनचा दिवा लागतो आणि गाडी रांगायला लागते. म्हणून नेमक्या आपल्या मॉडेलचा हार्नेस मिळत असेल तरच हा मार्ग धरा. वायरी सोलून जोड मारणारा भेटला तर चहा पिऊन परत या.

तिसरा मार्ग फार जणांना सुचतच नाही. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीचं क्रूझ होतं का? असेल तर पुष्कळदा ईसीयूत सोय आधीच असते. कमी असतात ती स्टीअरिंगवरची बटणं किंवा दांडी, एखादी वायर, क्लच स्विच आणि स्कॅनरवरून कोडिंग. पोलो-व्हेंटोवाले हे बऱ्याच वर्षांपासून करतात. तिन्हींत मला हाच सगळ्यात पसंत, कारण ब्रेकचं सगळं गणित कंपनीनेच बसवलेलं असतं. मात्र स्टीअरिंग उघडायचं म्हणजे एअरबॅगशी गाठ. बॅटरी काढून काही मिनिटं थांबायचं आणि पिवळ्या कपलरला हात लावायचा नाही. हे ज्याला सांगावं लागतं त्याच्याकडे गाडी देऊ नका.

चौथाही एक मार्ग आहे, तो मला एका गॅरेजात ऐकायला मिळाला. “मालक, ट्रॅक्टरचा हँड एक्सलेटर टाकू की, कशाला खर्च!” ट्रॅक्टरला तो नांगरटीसाठी असतो. महामार्गावर ब्रेक दाबल्यावरही रेस तशीच धरून ठेवणारी वस्तू काय कामाची?

कुठलाही मार्ग घ्या, जोडकाम मात्र इथल्या उन्हाला पुरलं पाहिजे. चाळिशीपार उन्हात उभ्या गाडीत साध्या काळ्या टेपचा चीक सुटतो आणि जोड उघडा पडतो. डाक मारून वर हीट श्रिंक स्लीव्ह, वेगळा फ्यूज, आणि अर्थ रंग खरवडून थेट बॉडीला. विमा कंपनीलाही लेखी कळवून ठेवा.

मग कुणी बसवावं? पुणे किंवा हैदराबादच्या नियमित फेऱ्या असतील तर जरूर. फिरणं अक्कलकोट-तुळजापूरपुरतंच असेल तर पैसे वाचवा. त्या अंतरात पाय अवघडत नाही. गाळपाच्या हंगामात रात्री तर मी महामार्गावरही ते लावत नाही. मोहोळ-टेंभुर्णीच्या टप्प्यात रिफ्लेक्टर नसलेली उसाची दुहेरी ट्रॉली अचानक समोर येते, तेव्हा पाय ब्रेकजवळच हवा. पावसात निसरड्या रस्त्यावरही नको. आणि गाडी १५ वर्षांना टेकली असेल तर आधी फेरनोंदणीचा निर्णय घ्या. पासिंगच करायचं नसेल तर नवी वायर कशाला ओढायची!

बसवून झाल्यावर मी रविवारी सकाळी हैदराबाद रस्त्याला बोरामणीच्या पुढे मोकळा रस्ता बघून ६० वर सेट केलं आणि ब्रेकला नुसता अंगठा टेकवला. ब्रेकचा दिवा लागतो त्याच क्षणी क्रूझ सुटलं पाहिजे. मग क्लचने, मग बटणाने, आणि शेवटी चढावर. एस्टीममध्ये क्लचची चाचणी दोनदा फसली होती. गाडी तशीच वळवून वायरमनच्या दारात नेली, आणि त्या आठवड्यात पुण्याला एसटीने गेलो.