लोड अव्हरेजचा आकडा दाखवून मोठा सर्व्हर गळ्यात मारला, सावध राहा

ज्यांनी भाड्याने व्हर्च्युअल सर्व्हर, म्हणजे एका मोठ्या मशीनचा वाटून दिलेला हिस्सा, घेतलाय आणि देखभालही त्याच कंपनीकडे दिलीय त्यांनी हे जरूर वाचा. आम्हाला फसवताना आमच्या सर्व्हर कंपनीने खोटा आकडा दाखवलाच नाही, आकडा खराच होता, फक्त अर्धा कापून दाखवला, आणि म्हणूनच तो पकडायला वेळ लागला.

आमची वेबसाइट आणि हिशोबाचं सॉफ्टवेअर एकाच चार कोअरच्या, म्हणजे एकावेळी चार कामं करणाऱ्या प्रोसेसरच्या, लिनक्स सर्व्हरवर चालायचं. दुपारी कामाच्या भरात सगळं रेंगाळायला लागलं, एंट्री सेव्ह केली की नुसतं गोल गोल फिरत बसायचं. तक्रार टाकली तर सपोर्टवाल्याने टॉप कमांडचा, म्हणजे सर्व्हरवर आत्ता काय चाललंय ते दाखवणाऱ्या कमांडचा, स्क्रीनशॉट पाठवला, त्यात फक्त पहिली ओळ, लोड अव्हरेज 11.40, 9.35, 5.20. सोबत मेसेज, तुमचा सर्व्हर 1140 टक्के लोडवर चाललाय, प्रोसेसर कधीही जळेल, आजच आठ कोअरचा प्लॅन घ्या. मग फोनवर फोन, डेटा गेला तर आमची जबाबदारी नाही वगैरे. कामं अडलेली, डेटा सगळा तिथेच, अशा वेळी कोणीही हो म्हणेल आणि त्यांना ते बरोबर माहीत असतं. आठ कोअर घेतला, वर्षाचे पैसे आगाऊ भरले. दुपारी परत तेच रडगाणं. परत तक्रार केली तर म्हणे डेटाबेस 310 टक्के सीपीयू खातोय, आता सोळा कोअर घ्या.

तेव्हा सर्व्हरचंच काम करणाऱ्या एका मित्राला सगळे स्क्रीनशॉट दाखवले आणि त्याने एकेक उलगडून दाखवलं.

पहिली गोष्ट म्हणजे लोड अव्हरेज हे टक्के नाहीतच. गेल्या 1, 5 आणि 15 मिनिटांत सरासरी किती कामं प्रोसेसरवर चालू होती किंवा रांगेत होती त्याचा तो आकडा, त्यामुळे किती कोअर आहेत हे बघितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. चार कोअरवर 4 म्हणजे साधारण भरलेला, आठ कोअरवर तोच 4 म्हणजे अर्धा मोकळा. त्यातही लिनक्समध्ये 1993 पासून डिस्कची वाट बघत अडकलेली कामंसुद्धा या आकड्यात धरतात, म्हणजे लोड 11 असूनही प्रोसेसर जवळपास रिकामा बसलेला असू शकतो! आणि जळण्याची भीती तर निव्वळ थाप, प्रोसेसर तापला तर स्वतःच वेग कमी करतो, शिवाय व्हर्च्युअल सर्व्हरमध्ये तो प्रोसेसर त्यांचा, आपला नाहीच. 310 टक्क्यांचंही तसंच, टॉपमध्ये एका प्रोसेसपुढे दिसणारे 100 टक्के म्हणजे एक कोअर, आठ कोअरवर ते 800 पर्यंत जाऊ शकतं.

पण खरा राग आला तो घड्याळ बघून. टॉपच्या पहिल्या ओळीत सुरुवातीलाच वेळ असते, आणि त्यांच्या स्क्रीनशॉटवर होती 02:09. आमचा बॅकअप रात्री 2 ला सुरू होतो. एक मिनिटाचा आकडा सगळ्यात मोठा आणि पंधरा मिनिटांचा सगळ्यात लहान, म्हणजे लोड नुकताच चढलेला, म्हणजे बॅकअपच. तक्रार दुपारची आणि पुरावा मध्यरात्रीचा, आणि मुद्दाम शोधून काढलेला.

मग भर दुपारी आम्ही स्वतः टॉप लावला आणि त्यांनी कापलेली तिसरी ओळ बघितली, जिथे सीपीयूचा वेळ कुठे गेला ते लिहिलेलं असतं. आपल्या प्रोग्रॅमसाठी यूएस 22 टक्के, कर्नलसाठी म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यासाठी एसवाय 5, डिस्कची वाट बघण्यात डब्ल्यूए 1, रिकामा म्हणजे आयडी 34, आणि शेवटी एसटी 38. हा एसटी म्हणजे स्टील, आपलं काम तयार उभं आहे पण खालचं खरं मशीन त्या वेळी दुसऱ्या गिऱ्हाइकांना प्रोसेसर देतंय तो वेळ. एका मशीनवर झेपत नाहीत एवढी गिऱ्हाइकं कोंबली की हे होतं. आणि ज्याची कामं अशी ताटकळतात त्याचा लोडही वाढतो, म्हणजे गर्दी त्यांनी केली आणि तिचाच आकडा दाखवून आम्हालाच मोठा प्लॅन विकला. अपग्रेड करताना मशीन बदललं का असं विचारलं तर त्यांचाच माणूस फोनवर बोलून गेला की नाही, मशीन तेच, फक्त कोअर वाढवून दिलेत.

एसटीचे आकडे टाकून मेल केले, त्यावर एकही उत्तर नाही. पैसे परत मागितले तर अटी दाखवल्या. शेवटी सर्व्हर दुसरीकडे हलवला, तिथे चारच कोअर आहेत आणि दुपारी काम व्यवस्थित चालतं.

तेव्हा अपग्रेडचा मेल आला की टॉपचा पूर्ण स्क्रीन मागा, तोही तुमच्या त्रासाच्या वेळेचा, आणि कोअर फक्त तुमचे आहेत की शेअर केलेले हे लेखी घ्या. स्वतः बघायचं तर हेच आकडे ओळीओळीने दाखवणारी व्हीएमस्टॅट कमांड पुढे 5 लिहून चालवा, दर पाच सेकंदाला एक ओळ येते. पहिली ओळ सोडून द्या, ती सर्व्हर सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. एसटी अधूनमधून एक-दोन आला तर काळजी नको, पण सतत दोन आकडी दिसला तर तुम्ही कितीही कोअर घ्या, त्रास तसाच राहणार. काही स्वस्त बर्स्ट प्लॅनमध्ये, म्हणजे जिथे पूर्ण वेग थोडा वेळच मिळतो, त्या वेगाचा साठा म्हणजे क्रेडिट संपल्यावर एसटी वाढतो, ते करारातच असतं, पण तसं आधी सांगायला हवं. आणि काही ठिकाणी व्हर्च्युअलायझेशनच असं असतं की एसटी कायम शून्य दिसतो, तिथे एकच ठरावीक काम रात्री बॅकअप नसताना आणि भर दुपारी चालवून लागलेला वेळ टाइम कमांडने मोजा, सीपीयूवरच चालणारं काम निवडा, डिस्कचं नको, आणि दोन्ही वेळचे आकडे तारखेसकट जपून ठेवा.