आईच्या कानातल्या मशीनचा टी मोड: तीन वर्षं असून नसलेला

आई नाटकाला जाऊन आली की आम्ही विचारायचो, "कसं होतं?" ती म्हणायची, "छान होतं." विषय संपला. बँकेच्या रांगेत काय घडलं हे सांगायला जिला पाऊण तास लागतो, तिचं दोन अंकी नाटक दोन शब्दांत आटपायला लागलं, तेव्हाच आमची ट्यूब पेटायला हवी होती. तिला काही ऐकूच येत नव्हतं, आणि ते सांगायची लाज वाटत होती.

मशीन तिच्याकडे तीन वर्षांपासून आहे. कानामागे बसणारं, १३ नंबरच्या नारिंगी स्टिकरच्या सेलवर चालणारं. घरात त्याच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. समोर बसून बोललं की आईला सगळं कळतं, न सांगितलेलंसुद्धा. पण हॉलमध्ये त्याचा काही उपयोग नव्हता. वयानुसार आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. म्हणजे आ-ई-ऊ शाबूत राहतात आणि स, श, थ, फ पळून जातात. तुम्ही ‘सात’ म्हणा, तिला ‘आत’ पोहोचतं. मशीन हे आवाज मोठे करतं खरं, पण त्याचा माईक तिच्या कानाशी असतो आणि नट तीस फुटांवर. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. हॉलच्या भिंती थोडा आवाज परत देतात, पण तो घुमलेला. खोकणारा मात्र नेमका मागच्या खुर्चीत असतो. मशीन इमानदारीनं त्याचा खोकला मोठा करून देतं.

टी मोड हा त्यावरचा इलाज. मशीनच्या पोटात तांब्याच्या तारेचं एक इवलंसं वेटोळं असतं, टेलिकॉइल. ज्या हॉलमध्ये लूप बसवलेलं असतं तिथे प्रेक्षकांच्या भोवती जमिनीलगत एक तार फिरवलेली असते. रंगमंचावरच्या माईकचा आवाज ॲम्प्लिफायरमधून त्या तारेत जातो, तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि कानातलं वेटोळं ते पकडतं. मधली तीस फुटं आणि मागचा खोकला, दोन्ही गायब. युक्ती काही आजची नाही. जोसेफ पोलियाकॉफ यांनी ब्रिटनमध्ये अशा लूपचं पेटंट १९३७ साली घेतलं होतं.

आणि हे वेटोळं आईच्या मशीनमध्ये पहिल्या दिवसापासून होतं! फक्त चालू केलेलं नव्हतं. मशीन कॉम्प्युटरला जोडून दहा मिनिटांत ते काम झालं. विकताना का नाही सांगितलं, असं मी विचारलं. उत्तर आलं, "तुम्ही विचारलं नाहीत." बरं.

तर परवाचा शनिवार. इथल्याच एका हौशी मंडळाचं नाटक होतं. हॉलच्या दारावर कानाचं चित्र आणि कोपऱ्यात ‘टी’ अशी निळी पाटी आहे, हे मी आधी जाऊन बघून आले होते. आईनं नव्या सेलचं स्टिकर काढलं आणि मिनिटभर थांबून सेल घातला. हे सेल हवेवर चालतात, स्टिकर काढल्यावर त्यांना श्वास घेऊ द्यावा लागतो. माझ्या मुलानं तिच्याकडून टी मोडचं बटण दाबायची पाच वेळा तालीम करून घेतली. साडेपाचला ती आणि शेजारच्या मावशी निघाल्या.

एरवी आमच्या टीव्हीचा आवाज ३४ वर असतो. त्या संध्याकाळी तो १२ वर आला आणि बाबांना शोध लागला की आपलं भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतं. ते दर दहा मिनिटांनी विचारत होते, "काही मेसेज?" आला शेवटी, मावशींचा. "नाटक सुरू झालं. हिला काहीच ऐकू येत नाही म्हणते. माझं बोलणंपण नाही." मला लगेच कळलं. टी मोडवर मशीनचा स्वतःचा माईक बंद होतो आणि हॉलवाल्यांनी लूप चालूच केलं नव्हतं. मी लिहिलं, दारावरच्या माणसाला लूप सुरू करायला सांगा. पंधरा मिनिटांनी उत्तर: "झालं सुरू. आता माझ्याशी बोलत नाही."

म्हणजे यंत्र उत्तम चाललं होतं.

खोडी आहेत. आईला गालाला हात लावून मान कलती करून बसायची सवय आहे. मान कलली की वेटोळंही कलतं आणि आवाज बारीक होतो. रंगमंचावरचे दिवे मंदावताना घूंऽऽ अशी घरघर येते. ती लूपची नसते, दिव्यांच्या वायरिंगची असते, पण कानात येतेच. ज्या नटाच्या वाटचा माईक नीट लावलेला नसेल तो लूपमध्येही दबलेलाच राहणार. कानाच्या आत बसणाऱ्या लहान मशीनांमध्ये बऱ्याचदा हे वेटोळं नसतंच, तेव्हा घेतानाच विचारा. आणि हॉलला आदल्या दिवशी फोन करा, पाटीवर विसंबू नका. माझ्याकडून पाचपैकी चार तारे. कापलेला तारा मशीनचा नाही, विकणाऱ्याचा.

साडेनऊला आई आली. एक चप्पल पायात, एक हातात, आणि दारातच सुरू झाली. दुसऱ्या अंकातलं भांडण तिनं दोन्ही आवाजांत करून दाखवलं. वर म्हणाली, "ती नायिका दिसते छान, पण वाक्याचा शेवट गिळते." तीन वर्षांत पहिल्यांदा तिनं कुणाला नावं ठेवली होती. बाबा टीव्ही बंद करून ऐकत होते. "मग त्या भावाचं काय झालं?" त्यांनी विचारलं. आई पुढे सांगतच राहिली. त्यांनी परत विचारलं. मीही विचारलं. उत्तर नाही.

मुलगा उठला, आजीच्या कानामागे हात नेला आणि बटण दाबलं.

"अगंबाई," आई म्हणाली, "म्हणजे मावशी वाटेत बोलत होत्या की काय?"