कासवांचं पेलेट खाद्य: नऊ महिन्यांच्या वापरानंतर, हिंगणघाट तालुक्यातून

मार्च सरत आला की आमच्याकडे हिरवं म्हणून फारसं काही उरत नाही. हरभरा निघतो, गहू निघतो, वावर उघडं पडतं आणि धुऱ्यावरच्या गवताची नुसती कुसळं राहतात. ढोरांना कुटार असतं, कडबा असतो. पण आमच्या घरी दोन कासवंही आहेत, आणि त्यांच्या पोटाचं काय करायचं या काळजीतून मी पहिल्यांदा पेलेटचं, म्हणजे कासवांसाठीच्या कोरड्या गोळ्यांच्या खाद्याचं पाकीट मागवलं. त्याला आता नऊ महिने झाले. या काळात उन्हाळा, पावसाळा आणि थंडीची सुरुवात असे तिन्ही ऋतू पाहून झाले, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी कासवांबद्दल, कारण हे खाद्य सगळ्या कासवांचं नाही. दगड्या आणि सोनी ही सुल्काटा जातीची, म्हणजे सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या गवताळ पट्ट्यातली. धाकटा दीर पुण्यात पाळायचा. नोकरीसाठी परदेशी जायची वेळ आली तेव्हा त्यानं ती आमच्या हवाली केली. अशा परदेशी प्राण्यांसाठी २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. ती त्याच्या नावानं होती, हस्तांतरणाची नोंदही आम्ही केली. हे मुद्दाम सांगते, कारण गावात बरेच जण विचारतात, "आमच्या विहिरीतल्या कासवालेही हे चालंल का?" नाही. विहिरीतलं, तळ्यातलं कासव किंवा पाठीवर चांदण्या असलेलं तारा कासव, ही आपल्या देशातली कासवं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहेत. ती घरात ठेवणं गुन्हा आहे. शिवाय तळ्यातलं कासव मासे, गोगलगायी, किडे असंही खातं. त्याचं पोट वेगळं, गवतावरच्या कासवाचं वेगळं.

सुल्काटाचं खरं अन्न गवत. भरपूर तंतू, कमी प्रथिनं, कॅल्शियम जास्त आणि फॉस्फरस कमी. आमच्या पहिल्या पाकिटावर प्रथिनं १५ टक्के आणि तंतू १८ टक्क्यांच्या आसपास लिहिले होते. घटकांत सोयाबीनची टरफलं आणि मका वाचून मामाजी म्हणाले, "सूनबाई, हे कोंबड्याईचं खाद्य हाय का?" शंका रास्तच होती, कारण गोळ्या दिसायला तशाच असतात. पण कोंबडीचं खाद्य वजन आणि अंडी लवकर यावीत म्हणून बनवलेलं असतं. ढोरांच्या गोळीपेंडेतही प्रथिनं जास्त असतात, कशाकशात युरियाही असतो. यातलं काहीही कासवाला घालू नका. कुत्र्या-मांजरांचं खाद्य तर मुळीच नको.

पहिल्या महिन्यात माझी चूक झाली. गवत नाही म्हणून मी रोज सकाळी दोघांना भिजवलेल्या गोळ्या वाटीभर घातल्या. पहिले तीन दिवस त्यांनी तोंड लावलं नाही. चौथ्या दिवशी जास्वंदीचं फूल कुस्करून वर टाकलं, तेव्हा दगड्यानं चव घेतली, आणि मग दोघं अशी लागली की वाटीचा आवाज आला तरी कोपऱ्यातून निघून येत. मला फार आनंद झाला. पण पंधरा दिवसांनी लक्षात आलं की वाळलेल्या गवताकडे दोघं पाहतही नाहीत. शी सैल झाली, तिला आंबूस वास येऊ लागला. किराणा दुकानातल्या काट्यावर मी दर रविवारी वजन करते. त्या महिन्यात दगड्या २ किलो ४०० ग्रॅमवरून २ किलो ६२० वर गेला. एवढी झपाट्यानं वाढ चांगली नाही.

नागपूरच्या डॉक्टरांना फोटो पाठवले. त्यांनी रोजचं पेलेट लगेच बंद करायला सांगितलं. तेव्हापासून आठवड्यातून दोनदाच देते, कोरड्या मापानं दगड्याला १५ ग्रॅम, सोनीला १२. बाकीचे दिवस गवत. गवतावर परत यायला त्यांना जवळजवळ तीन आठवडे लागले, आणि ते दिवस माझ्यासाठी कठीण होते. प्राणी भुकेला समोर बसलाय आणि आपण वाटी देत नाही, हे सोसत नाही. तेव्हा एक उपाय लागू पडला. मारवेलचं वाळलेलं गवत कात्रीनं बोटाच्या पेराएवढं कापायचं, पाणी शिंपडून मऊ करायचं आणि भिजलेल्या गोळ्यांचा चुरा त्याला चोळायचा. रोज चुरा थोडा कमी, गवत थोडं जास्त. नवीन माणसानं मात्र सुरुवातीपासूनच कमी द्यावं, म्हणजे ही वेळ येणार नाही.

भिजवण्याबद्दल जरा थांबून सांगते, कारण निम्मं यश त्यातच आहे. कोरडी गोळी कधीच देऊ नका. जेवढ्या गोळ्या तेवढंच कोमट पाणी. थंडीत वीस मिनिटं लागतात, मे महिन्यात दहाही पुरतात. चिमटीत दाबली की गोळी फुटावी, पण पाणी गळू नये. पाणी जास्त झालं की लापशी होते, ती चोचीला आणि नाकपुड्यांना चिकटते. सोनीचं नाक एकदा असं भरलं होतं, ओल्या कापसानं पुसून काढावं लागलं. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, म्हणून भिजवायला पिण्याचं गाळलेलं पाणी घेते.

ऊन ४५ अंशांवर जातं तेव्हा भिजवलेलं खाद्य दोन तासांत आंबतं. म्हणून उन्हाळ्यात सहा-साडेसहाला खाऊ घालायचं आणि आठच्या आत भांडं उचलून घासायचं. मुंग्यांसाठी वाटी पाणी भरलेल्या परातीत मध्यभागी ठेवली, पण कासवं परातीतच शिरली. शेवटी बसकी फरशी घेऊन तिच्याभोवती पाण्याची बारीक नाली केली, ती चांगली चालली.

एप्रिलमध्ये दोघांच्या लघवीत पांढरं, खरखरीत काहीतरी दिसलं. मऊ पांढरं थोडं असलं तर घाबरू नये, पण वाळूसारखं लागलं तर अंगात पाणी कमी पडतंय असं समजावं. तेव्हापासून एक दिवसाआड वीस मिनिटं कोमट पाण्यात बसवते, पाणी हनुवटीच्या खाली. भिजलेल्या गोळीतूनही पाणी पोटात जातं, आणि उन्हाळ्यात मला पेलेटचा हाच सगळ्यात मोठा फायदा वाटला. पाठीवरच्या खवल्यांना येणाऱ्या उंचवट्यांबद्दल बरेच जण प्रथिनांना दोष देतात. २००३ साली व्हिएन्नात याच जातीच्या पिल्लांवर अभ्यास झाला होता. त्यात प्रथिनांपेक्षा हवेतल्या कोरडेपणाचा परिणाम जास्त दिसला. विदर्भाच्या उन्हाळ्यात हे लक्षात ठेवायला हवं. त्यांच्या खोलीत मी मातीची ओली कुंडी आणि ओलं गोणपाट ठेवते. उघड्या कूलरचा झोत मात्र थेट अंगावर येऊ देत नाही.

खरी गरज मला पावसाळ्यात पटली, हे अनेकांना उलटं वाटेल. जुलैत सगळीकडे हिरवं असताना पेलेट कशाला? कारण आमच्याकडे सोयाबीन आणि पऱ्हाटीवर फवारणी सुरू होते, धुऱ्यावर तणनाशक मारतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली, तेव्हापासून आमच्या घरात फवारणीच्या दिवसांत पोरांना वावराकडे फिरकू देत नाहीत. मग तिथलं गवत कासवासमोर कसं टाकायचं? वारा कुठून कुठे नेतो, सांगता येत नाही. शेजाऱ्यांनी कधी, काय मारलं ते दरवेळी कळतंच असं नाही. ऑगस्टमध्ये मी सलग अकरा दिवस बाहेरचं एक पानही आणलं नाही. अंगणातली जास्वंद, परसातली तुती आणि फड्या निवडुंगाच्या काटे काढलेल्या फांद्या, त्यात दोन दिवस पेलेट, असं भागवलं. पालक आणि चिवळ हाताशी होती, पण त्यात ऑक्झलेट जास्त असतं. ते कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून रोज घालत नाही. कोवळी ज्वारी तर कधीच नको. तिचं विष ढोरांनाही लागतं, हे आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक आहे.

पावसाळ्यानं एक नुकसानही केलं. किलोच्या पाकिटाचं तोंड मी नुसतं चिमटा लावून बंद करत होते. सप्टेंबरात उघडलं तर कुबट वास आणि तळाशी पांढरी बुरशी. वरच्या गोळ्या चांगल्या दिसत होत्या, पण अर्धं पाकीट खड्ड्यात पुरून टाकलं. मक्यावर वाढणाऱ्या बुरशीचं विष यकृत खराब करतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही. सातशे रुपये गेले, पण दुसरा मार्ग नव्हता. त्याआधी एकदा ओल लागली म्हणून डाळीसारखं उन्हात वाळवलं होतं. तेही करू नका, उन्हानं त्यातली जीवनसत्त्वं उतरतात. आता घट्ट झाकणाचे स्टीलचे छोटे डबे आहेत, महिन्यापुरतं एकात. कोरडा चमचा डब्यातच ठेवलेला असतो.

डी-३ जीवनसत्त्वाची पावडर वेगळी देत नाही. पेलेटमध्ये ते घातलेलं असतं आणि आमच्या अंगणात ऊन भरपूर आहे. गवताच्या दिवशी कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा चुरा चिमूटभर टाकते. आणखी एक, पेलेटशी थेट संबंध नसला तरी सांगायलाच हवं. शी सैल झाली होती तेव्हा ढोरांचं जंताचं औषध थेंबभर द्यायचा सल्ला मला मिळाला होता. त्यातलं आयव्हरमेक्टिन कासवाच्या जिवावर उठतं. मी डॉक्टरांना विचारलं म्हणून दगड्या वाचला.

आता डिसेंबर आहे. रात्री पारा दहाच्या आसपास येतो. सुल्काटा शीतनिद्रा घेत नाही, आणि अंग थंड असलं की पोटातलं पचत नाही. रात्री दोघं घरात, खोक्यात, उष्णता देणाऱ्या सिरॅमिक बल्बखाली असतात. लाइट गेली तर पाण्याच्या गरम बाटल्या टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवते. पेलेट द्यायचं तर अकरानंतर, ऊन अंगावर घेऊन ती चालायला लागल्यावरच. ज्या दिवशी ढग असतात त्या दिवशी पेलेट नाहीच.

दुसरं पाकीट मी वेगळं घेतलं, टिमोथी गवत जास्त असलेलं, प्रथिनं बाराच्या आसपास आणि तंतू पंचविसाच्या वर. महाग आहे, गोळी लवकर विरघळते, आणि दोघांना पहिल्याइतकं आवडत नाही. तरीही मी तेच ठेवणार. शी घट्ट असते, गवत खाणं सुटत नाही. दगड्या आज २ किलो ८१० ग्रॅम आहे, सोनी २ किलो ७०. नवीन खवल्यांच्या कडा सपाट येत आहेत.

तुतीच्या सहा काड्या विहिरीजवळ लावल्या आहेत, पाचांना पालवी फुटली. मारवेलचा एक वाफा फवारणीपासून लांब, गोठ्यामागे केला आहे. येत्या मार्चमध्ये किलोऐवजी अर्ध्या किलोचंच पाकीट मागवायचं ठरवलं आहे.